रील चार लाखांनी पाहिलं, चटणी कोण घेणार?

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते, माहेर विट्याजवळचं. लॉकडाऊनमध्ये सासूबाईंच्या हाताखाली चटणी-मसाल्याचं काम सुरू केलं. कांदा-लसूण चटणी, गोडा मसाला आणि राजापुरी हळदीची पूड. ओळखीपाळखीत चांगलं चाललं होतं. मग इन्स्टाग्रामवर पेज काढलं. सासूबाई उखळात मिरची कांडताहेत असं एक रील टाकलं, ते चार लाख लोकांनी पाहिलं. आम्ही घरात पेढे आणले. त्या महिन्यात ऑर्डरी आल्या अकरा, त्यातल्या सहा जुन्याच गिऱ्हाइकांच्या. आता नऊ हजार फॉलोअर आहेत. रोज एक रील टाकते, पण दिवसभर राबून रात्री पुन्हा फोन घेऊन बसायचं जिवावर येतं. चाळीसेक व्हॉट्सॲप ग्रुपांवर जाहिरात टाकत होते. सोसायटीच्या ग्रुपमधून मला काढलं, आणि मागच्या महिन्यात दोन दिवस माझं व्हॉट्सॲपच बंद झालं. एका बाईंनी कमेंटमध्ये लिहिलं, चटणीत रंग घातलाय. मी कमेंट उडवली, तर त्यांनी तेच फेसबुकवरच्या खाण्यापिण्याच्या मोठ्या ग्रुपवर टाकलं. पुण्याची एक एजन्सी म्हणते, महिना अठरा हजार द्या, ब्रँड करून देतो. एक मुलगा दोन हजारांत दहा हजार फॉलोअर आणून देतो म्हणतोय. नवरा म्हणतो, हे सगळं सोड, हरभट रोडला गाळा बघू. मी काय करू?
ता. क. पेजचं नाव मराठीत ठेवावं की इंग्रजीत?

उत्तर :

ताई, एजन्सीला अठरा हजार देऊ नका, फॉलोअर विकत घेऊ नका आणि गाळ्याचं डिपॉझिटही एवढ्यात भरू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी फोनवर घाई करत असेल तर आजच नाही म्हणता येईल. आता निवांत बोलू.

तुम्ही विकता काय, इथून सुरुवात करू. सांगली-साताऱ्याकडची चटणी ही वर्षाची गोष्ट. एकदा एका घरची चव जिभेवर बसली की बाई दुसरीकडून घेत नाही, आणि एकदा बिघडली तर पुन्हा त्या दारात जात नाही. चारपाच माणसांच्या घराला वर्षाला तीन ते पाच किलो लागते. म्हणजे चार किलो धरले तर दोनशे घरांना आठशे किलो. कांडपाचा हंगाम मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. या अडीच महिन्यांत आठशे किलो करायचे म्हणजे रोज जवळपास अकरा किलो, तेही एक दिवस सुट्टी न घेता. देठं खुडणं, वाळवणं, खोबरं-तीळ भाजणं, डंकावर (मिरची कांडायच्या यंत्रावर) नेऊन आणणं, पुड्या भरणं, हे सगळं तुम्ही आणि सासूबाई. आता सांगा, चार लाखांतल्या एक टक्का लोकांनी खरंच किलोभर चटणी मागवली असती तर? चार हजार किलो. तुम्ही फोन बंद करून माहेरी निघून गेला असता.

तुम्हाला दोनशे घरं हवी आहेत. दर वर्षी येणारी, नाव-गाव माहीत असलेली, कुणाला किती तिखट चालतं हे तुम्हाला पाठ असलेली दोनशे घरं. सोशल मीडिया त्या कामाला उत्तम आहे, पण तुम्ही तो वेगळ्याच कामाला जुंपलाय.

एजन्सीचा हिशेब याच आकड्यावर करा. तुम्हाला किलोमागे काय सुटतं ते पत्रात नाही. दीडशे रुपये धरू. आठशे किलोंचे झाले एक लाख वीस हजार. एजन्सीचे वर्षाचे झाले दोन लाख सोळा हजार. म्हणजे तुमचा संपूर्ण हंगाम विकला गेला तरी तो त्यांना देऊन वर शहाण्णव हजार खिशातले घालायचे. एजन्सीवाले चोर असतात असं मी म्हणत नाही. ज्याचं महिन्याचं बिलिंग पाच-दहा लाखांचं आहे, ज्याचा माल बारा महिने कारखान्यातून निघतो, त्याला ते परवडतं. पुढे कधी कुणाशी बोलायची वेळ आलीच तर एवढंच विचारा : अहवालात ‘रीच’ आणि ‘इम्प्रेशन’, म्हणजे जाहिरात किती जणांना आणि किती वेळा दिसली याचे आकडे, देणार की ऑर्डरी देणार? आणि पेजचा पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. मेटा बिझनेस सूट या फेसबुक-इन्स्टाग्रामच्याच सोयीतून माणसाला कामापुरता प्रवेश देता येतो आणि काढूनही घेता येतो. एजन्सीशी बिनसलं आणि पेज त्यांच्याच ईमेलवर अडकलं, अशी रड कितीतरी छोट्या दुकानदारांची आहे.

विकतच्या फॉलोअरांबद्दल दोन ओळी पुरेत. ती खाती बहुतेक बनावट किंवा कुठल्या तरी परक्या देशातली असतात, ती चटणी खात नाहीत. वर तुमची पोस्ट आधी ज्या फॉलोअरांना दाखवली जाते त्यांच्यापैकी कुणी हलत नाही म्हटल्यावर इन्स्टाग्राम ती आणखी लोकांना दाखवत नाही. पैसे देऊन स्वतःच्याच पेजचं नुकसान.

आता ते गाजलेलं रील. मी ते पाहिलेलं नाही, पण खाली काय लिहिलं असेल याचा अंदाज आहे : ‘अस्सल घरगुती चव! किमतीसाठी डीएम करा.’ बरोबर? हे ‘डीएम करा’, म्हणजे भाव खासगी निरोपात विचारा, हे प्रकरण आपल्याकडे इतकं का बोकाळलंय देव जाणे. मंडईत भाजीवाली वांग्याचा भाव कानात सांगते का? भाव विचारायला संकोच वाटतो म्हणून निम्मी माणसं पुढे सरकतात. उखळात मिरची कांडताना बघायला मजा येते, म्हणून चार लाख लोकांनी पाहिलं. त्यांतले निम्मे कदाचित मराठी नसतील, आणि ज्यांना चटणी हवी होती त्यांना किंमत, गाव, पाठवायची सोय, काहीच दिसलं नाही. तेच रील पेजच्या वर पिन करा. खाली लिहा : किलोचा भाव, अर्धा किलोचा भाव, सांगलीहून कुठे कुठे पाठवता, पाठवणावळ किती, नोंदणी कधीपर्यंत. बायोमध्ये, म्हणजे पेजच्या नावाखालच्या ओळखीच्या ओळींत, थेट व्हॉट्सॲप उघडेल अशी लिंक. एवढं केलंत की जुन्याच कष्टातून थोडं अजून निघेल.

रोज रील टाकणं बंद करा. आठवड्याला एक-दोन पुरेत, आणि हंगामात तर विषय समोर येऊन पडतात. गच्चीवर पसरलेली ब्याडगी आणि संकेश्वरी शेजारी शेजारी दाखवा. ब्याडगी सुरकुतलेली, गडद, रंगाला. संकेश्वरी लांबट, तिखटाला. कुठली किती घालता ते सांगायचं की नाही हा सासूबाईंचा प्रश्न, पण दोन्ही का लागतात हे सांगायला हरकत नाही. डंकाचा आवाज तसाच राहू द्या. वर सिनेमाचं गाणं चढवू नका. धंद्याच्या खात्याला गाजलेली गाणी वापरायची परवानगी बहुतेक वेळा नसते, आवाज बंद होतो किंवा रीलच उडतं.

मुख्य काम व्हॉट्सॲपवर आहे, आणि तिथेच तुमचं बिनसलंय. व्हॉट्सॲप उगाच बंद झालं नाही. ज्यांच्याकडे तुमचा नंबर साठवलेला नाही अशा लोकांना एकसारखा मजकूर जात राहिला, त्यांतल्या काहींनी ‘ब्लॉक’ किंवा ‘रिपोर्ट’ दाबलं, की कंपनीची यंत्रणा त्याला उपद्रव समजते. पुन्हा पुन्हा झालं तर नंबर कायमचा जातो, आणि त्याच नंबरवर गिऱ्हाइकांची सगळी ओळख साठलेली असते. म्हणून धंद्याला वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, ते फुकट आहे. त्यात भावासकट मालाची यादी लावता येते, आणि गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं. लेबलं अशी ठेवा : ‘वर्षाचं घर’, ‘फक्त मसाला’, ‘पैसे यायचे’, ‘कमी तिखट’.

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, त्यात एकच निरोप यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, म्हणजे तुमची दोनशे घरं एकाच यादीत मावतात. पण त्यात एक मेख आहे : ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यालाच तो संदेश पोचतो. मला ही अट आवडते. जबरदस्तीने कुणाच्या घरात शिरता येत नाही. तेव्हा प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी घाला : ‘हा नंबर चटणीवाल्या ताई म्हणून साठवा, मार्चमध्ये कांडपाची तारीख कळवू.’ ज्याला हवंय तो साठवेल. चाळीस ग्रुपांवर टाकलेल्या जाहिरातीपेक्षा असे ऐंशी नंबर कामाचे.

आणि मजकूर. तुम्ही काय पाठवत होता ते नमुन्यादाखल पत्रासोबत जोडलंत हे बरं केलंत : ‘खास ऑफर!!! शुद्ध, सात्त्विक, पारंपरिक घरगुती मसाले. आजच ऑर्डर करा. स्टॉक मर्यादित.’ हे कुणी लिहिलंय ते कळत नाही. कुणालाही लिहिता आलं असतं, पुण्याच्या एजन्सीलासुद्धा. त्याऐवजी फेब्रुवारीत जुन्या गिऱ्हाइकांना एकेकीला असं लिहा : ‘काकू, गेल्या एप्रिलमध्ये तीन किलो चटणी नेली होती, अजून आहे का संपली? यंदा कांडप होळीनंतर सुरू करतोय. मागच्या वेळी थोडी तिखट झाली म्हणाला होतात, तर तुमच्या वाट्याला ब्याडगी वाढवू का? किती ठेवू ते सांगा, आगाऊ नोंद घेतेय.’ हे लिहायला वेळ लागतो, कबूल. पण एका रीलला जाणाऱ्या दीड तासात असे वीसेक निरोप होतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी उत्तर देतील, कारण तुम्हाला त्यांचे तीन किलो आठवतात. आठवत नसतील तर वही घाला. नाव, गाव, किती, कधी, काय म्हणाली. वही कागदाची हवी. सांगते का ते.

टिकटॉक २९ जून २०२० ला सरकारने बंद केलं. आपल्याकडच्या गावागावांत लाखांनी फॉलोअर असलेली पोरं होती, एका रात्रीत त्यांच्याकडे काही राहिलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहाएक तास बंद होते. ते सुरू झाले, पण ज्यांची गिऱ्हाइकं फक्त तिथेच होती ते तेवढा वेळ नुसते बसून राहिले. पेज कंपनीचं असतं, वही तुमची.

सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं याचं मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. ग्रुप म्हणजे दुसऱ्याचं अंगण. तिथे न विचारता पाटी मांडून बसलं की कुणीतरी उठवणारच. पाण्याचा टँकर कधी येणार हे बघायला माणूस ग्रुप उघडतो आणि त्याला तुमची खास ऑफर दिसते. आता ॲडमिनला साधं लिहा : चुकलं, पुन्हा जोडलंत तर जाहिरात टाकणार नाही, हंगामात एकदा तुम्हाला विचारून टाकेन. आणि आत गेल्यावर खरंच टाकू नका. त्याऐवजी तुम्हाला जे येतं ते लोकांना द्या. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात प्रत्येक ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, ‘चटणीला बुरशी आली, काय करू?’ तिथे तुम्ही सांगायचं : कांदा नीट वाळला नव्हता किंवा ओला चमचा गेला, आता ती टाकून द्या, वरवर काढून खाऊ नका. पुढच्या वेळी चटणी चिनीमातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा, रोजच्याला छोट्या डब्यात काढून घ्या. खवट वास आला तर दोष खोबऱ्याचा, ते जुनं होतं. बरणी उन्हात ठेवली की रंग उडतो. खाली दुकानाचं नावही टाकायची गरज नाही. चार वेळा असं झालं की पाचव्या वेळी दुसरीच कुणीतरी लिहील, ‘अगं त्या तर चटणी करतात, त्यांनाच विचार.’ हे वाक्य तुम्ही स्वतः कितीही वेळा लिहिलं तरी त्याला ते वजन येत नाही.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत मोलाची वाटलेली ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात : माहेर विट्याजवळचं. ताई, विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली गलाई करणारी माणसं तमिळनाडू-केरळपासून दिल्लीपर्यंत पसरली आहेत. सोन्याचांदीची आटणी करणारी दुकानं कुठल्या कुठल्या गल्लीत आहेत, आणि प्रत्येक दुकानामागे एक घर आहे, जिथे सांगलीची चटणी लागते. दिवाळीला, मे महिन्यात, गावच्या यात्रेला ही मंडळी येतात आणि परत जाताना गाडीत चटणीचे डबे असतात. तुमच्या नात्यात असे कुणी नाहीत असं होणार नाही. त्यांचे भावकीचे, गावाचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. तिथेही जाहिरात टाकू नका. भावाला किंवा चुलत्याला फोन करा, त्यांच्याकडच्या एका वहिनीला पावशेर चटणी पाठवा. कोइमतूरच्या एका घरात ती आवडली तर त्या गल्लीतली आठ घरं ती वहिनीच सांगेल, आणि मग आठ पार्सलं वेगवेगळी न पाठवता एकच मोठं पाठवायचं, पाठवणावळ वाटून जाते. अशा वहिनीला किलोमागे थोडी सूट द्या. ती घ्यायला लाजेल, तरी द्या. तिचा वेळ जातो. पुण्यातल्या सांगलीकरांचंही हेच. हिंजवडीला नोकरी करणारी तुमच्या ओळखीची एखादी मुलगी असेल, तिच्या सोसायटीत तिचा शब्द चालतो, तुमचा नाही.

आता रंगाच्या तक्रारीकडे येऊ, कारण हे लवकर निस्तरायला हवं. कमेंट उडवलीत तिथेच गणित बिघडलं. उडवलेली कमेंट बघून त्या बाईंची शंका खात्रीत बदलली. फेसबुकच्या त्या ग्रुपवर, त्याच पोस्टखाली, एकदाच उत्तर लिहा. साधारण असं : ‘ताई, चटणी माझीच आहे. तुमची कमेंट काढली ते योग्य झालं नाही. ही ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची आहे, ब्याडगीचा रंग मुळातच गडद असतो. तरी शंका राहू नये म्हणून याच घाण्यातला नमुना मी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देते आणि अहवाल इथेच टाकते. तुमचे पैसे आज परत करते, चटणी परत पाठवायची गरज नाही.’ आणि मग खरंच नमुना द्या. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळा आहेत, मिरचीपुडीत सुदानसारखे बंदी असलेले रंग आहेत का ते त्या तपासतात. खर्च होईल, पण त्याच अहवालाची प्रत पुढे वर्षभर कामाला येईल. नात्यातल्या दहा जणींना तिथे भांडायला पाठवू नका. लोकांना ते लगेच कळतं. आणि हो, अहवालात काही निघालंच तर मिरचीवाला बदला आणि तेही तिथेच लिहा.

ओघात आलंय म्हणून : तुमच्याकडे एफएसएसएआयची नोंदणी आहे का? पत्रात उल्लेख नाही. घरगुती असलं तरी विकायचं तर ती लागते, आणि तो चौदा आकडी नंबर पुडीवर छापायचा असतो. पुडीवर तुमचं नाव-पत्ता, वजन, एमआरपी, पॅक केल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी नंबर हेही हवं. तक्रार करणारी बाई पहिल्यांदा पुडी उलटी करून बघते.

हळदीकडे वळू. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या पेजच्या बायोत ‘कॅन्सर व मधुमेहावर गुणकारी राजापुरी हळद’ असं आहे. ते आजच्या आज काढा. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असं जाहिरातीत सांगायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनी मनाई आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पन्नास रुपयांच्या पुडीसाठी एवढा धोका कशाला? दुसरं, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून ते चिन्ह आपण कुणीही पुडीवर छापू शकत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी लागते. हळद सांगलीच्या मार्केट यार्डातल्या सौद्यातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतली असेल तर तेवढंच सरळ लिहा, ते पुरेसं आहे.

आणि दाखवण्यासारखं तुमच्याकडे बरंच आहे, रोगाबिगाचा आधार कशाला घेता? कृष्णाकाठी हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायची पद्धत होती. २००५ च्या पुरात त्या पेवांचं मोठं नुकसान झालं. तिथे जाऊन एखाद्या जुन्या माणसाकडून पेव दाखवून घ्या आणि दीड मिनिटाचं चित्रण करा. पुण्यातला हळदवाला हे दाखवू शकणार नाही. दुसरं एक साधं चित्रण पाण्याच्या पेल्याचं : पेल्यात चमचाभर हळद टाका आणि ढवळू नका. नैसर्गिक हळद खाली बसताना पाण्याला फिका पिवळा रंग येतो, कृत्रिम रंग घातलेली असेल तर पाणी भडक पिवळं होतं. एफएसएसएआयनेच ही घरगुती चाचणी सांगितली आहे. फक्त तुमचीच हळद दाखवा. दुसऱ्याची पुडी शेजारी ठेवून तिचं नाव दाखवायच्या फंदात पडू नका.

पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल तर मार्चमध्ये करा, तेव्हा लोक चटणीच्या विचारात असतात. दोन-तीन हजारांच्या वर जाऊ नका. पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण घाईत दाबलं की ती जाहिरात कुठेही जाते. ठिकाण पुणे आणि पिंपरी-चिंचवड एवढंच निवडा, आणि बटण व्हॉट्सॲपवर आणणारं ठेवा. त्यातून आलेल्या प्रत्येकाला वेगळं लेबल लावा. महिनाअखेरीला मोजा, किती आले आणि किती जणांनी घेतलं. खर्च निघाला नसेल तर पुढच्या वर्षी नाही. खाण्यावर व्हिडिओ करणारी मुलं पैसे मागतात, त्यांचंही असंच मोजा. शिवाय पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेला व्हिडिओ ‘जाहिरात’ म्हणून दाखवणं त्यांना बंधनकारक आहे. ते नको म्हणत असतील तर तो व्यवहारच नको.

एक सावधगिरी. नंबर सगळीकडे दिसायला लागला की एक दिवस फोन येईल : ‘मी लष्करात अधिकारी, युनिटला वीस किलो चटणी हवी, पैसे आगाऊ पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसेपर्यंत माल बांधू नका, खोटे स्क्रीनशॉट करून देणारी ॲपं आहेत. गेलेच पैसे तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर कराल तितकी ते मिळायची शक्यता कमी. सासूबाईंनाही हे सांगून ठेवा, दुपारी फोन त्याच उचलत असणार.

नवऱ्याचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. त्यांना चटणी हातात घेऊन, वास घेऊन विकत घेणारं गिऱ्हाईक हवंय, आणि त्यात तथ्य आहे. पण त्यासाठी बारा महिन्यांचं भाडं कशाला? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रथसप्तमीपर्यंत घराघरांतून बायका जमतात. वाण म्हणून द्यायला तुमच्या हळदीच्या छोट्या पुड्या लोक घेतील, आणि प्रत्येक पुडीवर तुमचा व्हॉट्सॲप नंबर असेल. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रा असते, बचत गटांची प्रदर्शनं वर्षभर कुठे ना कुठे असतात. दोघांनी मिळून एखाद्या ठिकाणी टेबल लावा, यजमानांना वही सांभाळायला बसवा. प्रदर्शनात किती विकलं याचा फार हिशेब धरू नका, किती नंबर वहीत आले तो बघा. दोनशे घरं झाली, आणि सांगलीतलीच शंभरेक जण ‘दुकान कुठाय’ विचारायला लागले, की मग गाळ्याचं बोला. गूगलवर धंद्याची नोंद मात्र आजच करा, फुकट आहे. ‘सांगली कांदा लसूण चटणी’ असं कुणी शोधलं तर नकाशावर नाव दिसतं. घरचा पत्ता उघड करायचा नसेल तर तो लपवून फक्त कुठल्या भागात माल देता ते दाखवता येतं.

नावाचं विचारलंत. दोन्ही ठेवा. पेजवर दिसणारं नाव देवनागरीत, कारण तुमची दोनशे घरं मराठी वाचतात. इन्स्टाग्रामचा पत्ता रोमनमध्येच घालावा लागतो, तो छोटा आणि फोनवर एकदा सांगितला तर लिहिता येईल असा ठेवा. ‘टेस्ट’, ‘फ्लेवर्स’, ‘ऑरगॅनिक’ असलं काही जोडू नका. ऑरगॅनिक म्हणायला तर प्रमाणपत्र लागतं. सासूबाईंचं नाव चालेल का ते त्यांना विचारून बघा. चार लाख लोकांनी त्यांचे हात पाहिलेत, नाव अजून कुणाला माहीत नाही.